शनिवारच्या वर्गातला पेशंट

आमच्या ख्रिस्ती मंडळीत वेदीसमोर आडवं झालेलं माणूस मी एकच पाहिलं. त्या म्हणजे सिस्टर. पांढरी साडी नीट चोपून घ्यायच्या, चष्मा काढून बाकाच्या कडेला ठेवायच्या आणि सगळ्यांत पुढच्या लांब बाकावर उताण्या पडायच्या. मग डोळे मिटून जाहीर करायच्या, "मी पेशंट. मला पक्षाघात झालेला आहे. उजवी बाजू गेली. चला, उचला."

साठी केव्हाच उलटलेल्या, उभ्या आयुष्यात कोणाचा धक्काही खपवून न घेतलेल्या या बाईंना उचलायचं कसं, या विचारानं आम्हा पुरुषांना घाम फुटायचा.

त्यांचं नाव मंडळीच्या यादीत होतं, पण ते कोणी उच्चारल्याचं आठवत नाही. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. मोहन्याला बंद पडलेल्या कंपनीजवळच्या चाळीत एका खोलीत राहायच्या आणि दर रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी कल्याणला देवळात हजर असायच्या. लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. पाळकसाहेबसुद्धा.

आमच्याकडे अर्पण गोळा झालं की शेवटच्या गीताआधी सूचना वाचतात. ते काम सिस्टरांचं. मंगळवारी कोणाच्या घरी प्रार्थना, गुरुवारी गायनाचा सराव, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, शिक्षकांचं शिबिर, हंगामाच्या सणाला लिलावासाठी काय काय आणावं, हे सगळं त्या वॉर्डातल्या आवाजात सांगायच्या. लोक अर्धवट ऐकत, चपला शोधत. एका रविवारी त्यांनी शेवटची सूचना वाचली, "येत्या शनिवारी दुपारी चार वाजता रुग्णाची घरी काळजी घेण्याचा वर्ग. फक्त पुरुषांसाठी."

तरुण संघाची पोरं खुसखुसली. सिस्टर थांबल्या. त्यांनी चष्म्यावरून त्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हसा. तुम्हीही म्हातारे होणार आहात."

सेशनला, म्हणजे मंडळीनं निवडून दिलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेला, हे पसंत नव्हतं. बायकांनाही येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर म्हणाल्या, "बायकांना येतं. ज्यांना येत नाही, त्यांनाही करावंच लागतं. मला बाकीचे हवेत."

त्यांचा हट्ट कशापायी होता, हे आम्हाला नंतर कळलं. मंडळीत पेटी वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते अंथरुणाला खिळले. मुलगे चांगले होते, पण त्यांना उचलायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि सुनेला एकटीला झेपेना. शेवटी त्यांना दूर कुठल्याशा आश्रमात ठेवलं. सिस्टर भेटायला गेल्या, तेव्हा पाठीच्या जखमा हाडापर्यंत गेलेल्या. ते गेले ते तिथेच, अनोळखी माणसांत. त्यानंतर सिस्टरांनी मनाशी ठरवलं आणि आम्हाला अनेकदा ऐकवलं, "उचलायला कोणी नाही, एवढ्या कारणासाठी या मंडळीतलं एकही माणूस परक्या ठिकाणी जाऊन मरणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही."

पहिल्या शनिवारी कोणीही आलं नाही. रविवारी सूचनांमध्ये त्यांनी वाचलं, "काल वर्ग झाला. उपस्थिती चांगली होती. शिक्षिका वेळेवर आल्या." आणि लगेच, "या शनिवारी पुढील बंधू येतील," असं म्हणून तीन नावं घेतली. कंपनीतून निवृत्त झालेले योनाकाका, रिक्षा चालवणारा सतीश आणि मी. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पण वेदीवरून जाहीर झालेली गोष्ट आमच्याकडे रद्द होत नाही. ऐनवेळी घरात काही अडचण आली तरी प्रार्थना सभा जाहीर झालेल्या घरीच होते, असा आमचा रिवाज. बाजूच्या बाकावरून शालिनीनं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. ती त्या दिवशीही कमरेला पट्टा बांधून आली होती.

माझ्याबद्दल सांगायलाच हवं. मी माजिवड्याला एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो आणि कोपरला राहतो. तेव्हा माझे वडील, आबा, पक्षाघातानं घरी पडून होते. त्यांचं सगळं शालिनी करायची. मी मात्र रोज रात्री त्यांच्या खाटेजवळ उभा राहून मोठ्यानं प्रार्थना करायचो आणि मग स्वतःला दोष देत झोपायला जायचो. मला अपराधी वाटायला वेळ लागत नाही. पाऊस उशिरा आला तरी मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असेल. सिस्टरांनी हे पहिल्याच वर्गात ओळखलं.

त्या बाकावर आडव्या झाल्या आणि आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे राहिलो.

"सिस्टर, उशी ठेवूया का तुमच्या जागी?" सतीश म्हणाला. "उशीवर शिकतो ना आम्ही."

"उशीला दुखतं का रे? ओरडते का ती?"

"पण तुम्ही... म्हणजे, बाईमाणूस..."

"बाईमाणूस मी मोहन्याला घरी ठेवून आलेय. इथे पेशंट आहे. ये."

योनाकाकांनी धीर करून त्यांचा दंड धरला आणि जोर लावला. सिस्टर जोरात ओरडल्या. काका चार पावलं मागे.

"दादा, तो माझा हात आहे, नळ नाही. हाताला ओढून माणूस उठत नाही, खांदा निखळतो. आणि आधी मला सांगितलंत का, काय करणार ते?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच तर सांगितलंत उचला म्हणून!"

"पेशंटला सांगायचं. आधी सांगा, मग हात लावा. तो बेशुद्ध असला तरी सांगा. सामान हलवताना विचारत नाहीत. माणूस सामान नाही."

हा त्यांचा पहिला नियम. दुसरा आडव्या चादरीचा. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक दुहेरी चादर पेशंटखाली आडवी घालायची, दोन बाजूंनी दोघांनी ती अंगाशी गुंडाळून घट्ट धरायची आणि माणसाला नाही, चादरीला ओढायचं. चुणी राहता कामा नये, कारण चुणीच्या जागी जखम होते. माझ्या हातून चादर दोनदा निसटली. दोन्ही वेळा मी म्हणालो, "माफ करा सिस्टर."

तिसऱ्यांदा निसटली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "प्रकाशराव, माफी देवाकडे मागा, त्याच्याकडे वेळ आहे. माझी चादर ओढा. पश्चात्तापानं पाठीची जखम भरत नाही, कूस बदलल्यानं भरते."

त्या कधीही मदत करायच्या नाहीत. अंग असं सैल सोडायच्या की पिठाचं पोतं बरं. मधेच कण्हायच्या, शिव्या देणारा म्हातारा व्हायच्या, पाणी मागायच्या, नको म्हणायच्या. सतीश वैतागून म्हणाला, "सिस्टर, जरा सोपा पेशंट व्हा ना!" तर म्हणाल्या, "सोपा पेशंट काही शिकवत नाही रे. आणि घरी तुला सोपा मिळेल असं कोणी सांगितलं?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी बाह्या दुमडल्या. आबा म्हणाले, "शालूला बोलाव." आवाज जड झाला होता, तरी हुकूम कळत होता. मी म्हटलं, "शालू झोपलीय आबा. मी आता तुम्हाला डावीकडे वळवणार आहे. आधी हात छातीवर घेतो. मग गुडघा वाकवतो. मग..."

"मग वळव की," आबा म्हणाले. "भाषण कशाला?"

मी वळवलं. त्यांची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली, तीही कोमट पाण्यानं पुसताना. आतल्या खोलीत शालिनी झोपलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. ती दाराआड उभी राहून हसत होती की रडत होती, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. आबा पुढे वर्षभरानं गेले, स्वतःच्या खाटेवर. पाठीवर एकही जखम नव्हती. सिस्टरांनी अंत्यविधीच्या दिवशी माझा हात हातात घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "सलाम, प्रकाशराव. शनिवारी या."

मी गेलो. आता घरी पेशंट नसताना कशाला जायचं, हा प्रश्न मला पडला होता, पण विचारायची छाती नव्हती. वर्ग वाढत गेला. कोणाचे वडील, कोणाची सासू, कोणाची बायको. आम्ही तिघं नव्यांना दाखवायचो आणि बाकावर मात्र सिस्टरच.

मग एक दिवस त्या सूचना वाचता वाचता बाकावर बसल्या आणि उरलेल्या सूचना बसूनच वाचल्या. पोटातलं दुखणं होतं, मणक्यापर्यंत पोहोचलेलं. त्यांनी ते आमच्याआधी ओळखलं होतं. पाय गेले आणि त्या मोहन्याच्या खोलीत अंथरुणाला लागल्या.

मिरजेहून त्यांचा भाचा गाडी घेऊन आला. भला माणूस. त्यानं मिरजेजवळच्या एका संस्थेत खाट पाहून ठेवली होती. खोलीत पाळकसाहेब, महिला मंडळातल्या बायका आणि आम्ही दाटीवाटीनं उभे होतो. भाचा म्हणाला, "आत्या, इथे तुमचं करणार कोण? मला रोज मिरजेहून येणं जमणार आहे का?"

"आम्ही आहोत ना," बायका एकदम म्हणाल्या.

सिस्टरांनी उशीवरून मान वळवली. "तुम्ही आहातच गं. तुम्ही नेहमीच असता. म्हणूनच तर हे शिकत नाहीत. आंघोळ तुम्ही घाला, माझी लाज तेवढी तुमच्याकडे. कूस माझे विद्यार्थी बदलतील, दिवसा आणि रात्री. पाळ्या लावा."

भाच्यानं आमच्याकडे पाहिलं. एक ढेरपोटे काका, खाकी शर्टातला रिक्षावाला आणि चष्मा पुसणारा मी. "रागावू नका," तो म्हणाला, "पण हा खेळ नाही. आत्याच्या मणक्याला धक्का लागला तर?"

"मग बघ ना," सिस्टर म्हणाल्या. "दादा, प्रकाशराव, वळवा मला."

बाकावर आम्ही त्यांना कितीदा वळवलं असेल. पण आता त्या अंग सैल सोडत नव्हत्या, ते सुटलेलंच होतं. आणि कण्हणं खोटं नव्हतं. आमचं चुकलं तर गाडी खाली उभीच होती. मला वाटलं, मी मागे होतो, सतीशला पुढे करतो. माझ्यामुळे यांना घर सोडावं लागलं तर उरलेला जन्म मी तेच चघळत बसेन. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी फक्त भुवई उचलली.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्हाला उजवीकडे वळवतोय. आधी हात छातीवर घेतो. काका चादर धरतील. तीन म्हटलं की."

"एक," योनाकाका म्हणाले. "दोन. तीन."

त्या वळल्या. मी पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवली, टाच चादरीपासून सुटी केली. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सिस्टरांना भाच्यानं वाकून विचारलं, "दुखलं का आत्या?"

"खांद्याखाली एक चुणी राहिलीय," सिस्टर म्हणाल्या. "पण चालेल."

भाचा संध्याकाळी एकटाच परत गेला. जाताना त्यानं आणलेल्या बेदाण्यांची पिशवी योनाकाकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्ही सगळे खा. आत्याला चालत नाहीत." मग जिन्यात थांबून मला म्हणाला, "ती तीन म्हणायची पद्धत मला एकदा शिकवा."

त्यानंतरचे महिने शनिवारचा वर्ग मोहन्यालाच भरला. "आता खोटा पेशंट कशाला?" असं त्यांचं म्हणणं. नवे बंधू तिथे यायचे, सिस्टर पडल्या पडल्या शिकवायच्या. आवाज बारीक झाला, पण चूक एकही सुटायची नाही. रविवारच्या सूचना त्या फोनवरून पाळकसाहेबांना सांगत आणि शेवटची नेहमी तीच असे. पाठीवर जखम झाली नाही. हे लिहिताना मला गर्व वाटतो आणि गर्व वाटल्याबद्दल वाईट वाटतं. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, दोन्ही बाजूला ठेवा आणि टाच बघा.

त्या एका सोमवारी सकाळी गेल्या, माझी पाळी संपता संपता. महिला मंडळातल्या बायका आंघोळ घालायला आल्या आणि त्यांनी शेवटचं एकदा आम्हाला आत बोलावलं, चादर बदलायची होती. मी आणि योनाकाका दोन बाजूंना उभे राहिलो. मी म्हटलं, "सिस्टर, डावीकडे वळवतोय हं." काकांनी तीन म्हटलं. मग आम्ही दोघंही तसेच थांबलो, चादर धरून. काय चुकलं ते आता कोणीतरी सांगेल, असं वाटत राहिलं.

आदल्या दिवशीच सूचना वाचून झाल्या होत्या. येत्या शनिवारी चार वाजता वर्ग, या वेळी मोहन्याला नाही, कल्याणला, देवळात, असं सिस्टरांनीच फोनवरून सांगितलं होतं. पाळकसाहेब मला म्हणाले, "या आठवड्यात नाही घेतला तरी चालेल, प्रकाशभाऊ. लोक समजून घेतील." मी म्हटलं, "जाहीर झालंय साहेब."

शनिवारी चौघं नवे आले. त्यातल्या एका तरुण मुलाची आई आदल्याच दिवशी दवाखान्यातून घरी आणलेली. सतीशनं आडवी चादर अंथरली. योनाकाकांनी खिडक्या उघडल्या. मग सगळे त्या पुढच्या लांब बाकाकडे बघत उभे राहिले.

मी चष्मा काढून बाकाच्या कडेला ठेवला आणि उताणा झालो. त्या जागेवरून आमचं देऊळ मी कधी पाहिलं नव्हतं. पंखा दिसतो, छतावरचा ओलीचा डाग दिसतो आणि वरून वाकलेले घाबरे चेहरे. एक गार हात माझ्या दंडाला लागला.

"आधी सांगा," मी म्हटलं.

"सांगतो," तो मुलगा म्हणाला. "काका, तुम्हाला वळवतोय. पण तुम्हीही थोडा जोर लावाल ना?"

मी डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.