सांगतील तसंच लिहा

किस्से गोळा करायला आम्ही कधी गेलो नाही. आम्ही जातो उत्तरं गोळा करायला. लोक मोबाईलवर काय बघतात, कशावर विश्वास ठेवतात, जाहिरात आली की थांबतात की पळतात, हे भंडारा जिल्ह्यात घरोघरी जाऊन विचारायचं, टॅबमध्ये भरायचं आणि पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं, एवढंच आमचं काम. पण टॅबमध्ये पर्याय असतात चार आणि माणूस बोलतो चाळीस वाक्यं. बाकीची छत्तीस आमच्याकडेच राहतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ती बाहेर पडतात आणि अशी वर्षं गेली की ढीग साचतो.

टीम आमची तिघांची. मी सुपरवायझर, आणि वयानं मोठी म्हणून सगळ्यांची ताई. गजूभाऊ आधी विमा विकायचे, त्यामुळे कोणाच्याही ओसरीवर न बोलावता बसायची त्यांना सवय. आणि प्रणाली, दिघोरीची, पहिलीच नोकरी. पोरीनं स्कूटीवर गावोगाव फिरायचं हे घरच्यांना पसंत नव्हतं, ती भांडून आली होती. पहिल्याच दिवशी मी तिला एक नियम घोकवला, "सांगतील तसंच लिहायचं. आपली अक्कल मधे घालायची नाही!"

तिनं नियम पाळला आणि तो पाळण्यापायी तिची नोकरी जायची वेळ आली. तो किस्सा शेवटी सांगते.

* * *

कारध्याला एक काकाजी भेटले. धानाची शेती, मुलानं दिलेला मोबाईल. गजूभाऊंनी विचारलं, "काकाजी, व्हिडिओच्या मधात जाहिरात आली तर पुढं ढकलता का?"

"नाही बा."

"का? पूर्ण बघायला आवडते?"

"आवडाचं काय आहे त्यात? मानूस बोलून राहिला ना आपल्याशी! मधातून उठाचं कसं?"

गजूभाऊंनी बोट लावून दाखवलं, हे बटण दाबलं की जाहिरात जाते. काकाजींनी ते बटण नीट बघितलं आणि मोबाईल बाजूला ठेवला.

"दिवाळीमागं गावात मंडई भरते, नाटक लागते, तवा परदा पडल्याशिवाय कोनी उठते का? उठला तं नट काय म्हनन?"

पुण्याच्या अहवालात काकाजी 'जाहिरातीत अत्यंत रस असलेला ग्राहक' म्हणून गेले. जाहिरातींतल्या कुठल्याच वस्तूचं नाव त्यांना आठवत नव्हतं.

* * *

एका घरात शिरताच जयभीम झालं, पाणी आलं. बाप गवंडीकाम करणारा, मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. ती मोबाईलवर क्लासचे व्हिडिओ बघायची, दुप्पट वेगानं. पोर्शन मोठा, वेळ थोडा.

मी बापाला विचारलं, "तुम्ही काय बघता?"

"मी हिच्याच बाजूले बसतो. हिचे सरच पाहतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "मॅडम, एक सांगा. तो मास्तर एवढ्या घाईत काहून बोलते? त्याची बस सुटून राहिली का?"

पोरगी खो खो हसली. तिनं वेग नेहमीचा करून दाखवला. बाप थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "अशानं तं मलेही समजून राहिलं!"

त्यानंतर तिनं रोज रात्रीच्या जेवणानंतरचा एक व्हिडिओ हळू लावायचं ठरवलं. बापासाठी. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. आमच्या टॅबमध्ये याला पर्याय नव्हता, मी 'इतर' दाबलं.

* * *

गोसीखुर्द धरणात जी गावं गेली, त्यांतल्या एका गावचे लोक आता चार ठिकाणी वसले आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या मोबाईलमध्ये गजूभाऊंनी डोकावलं. गावच्या ग्रुपवर कोणाच्या तरी निधनाची बातमी, हार घातलेला फोटो, आणि खाली बाबांचा अंगठा.

गजूभाऊ चरकले. "बाबा, मरणाच्या बातमीले लाइक? आवडली का तुम्हाले?"

बाबा रागावले नाहीत. "पहिले गावात कोनी गेलं, का दारात जाऊन बसत होतो. बोलाचं काही नाही, बसाचं. आता कोनी इकडं, कोनी तिकडं. तं अंगठा दाबतो. येऊन बसलो म्हनून समजा."

गजूभाऊंनी मान हलवली. पण बाबांचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. अंगठ्यांची नावं ते एकेक करून बघत होते.

"काय बघून राहिले, बाबा?"

"आपल्या टायमाले किती जन येतीन, थे."

 

* * *

आता प्रणालीचं.

पुण्याहून फोन आला. फोनवर जे सर होते त्यांना मी प्रत्यक्ष कधी बघितलेलं नाही, पण आवाजावरून माणूस भंडाऱ्याला कधी आलेला नसावा. म्हणाले, "तुमच्या त्या नवीन मुलीचा एक इंटरव्ह्यू बोगस आहे. झाडाखाली बसून भरलाय!"

मी काढून बघितला. धरणाजवळच्या पुनर्वसनाच्या गावातली एक विधवा बाई. जाहिरात आल्यावर काय करता? 'पूर्ण बघते.' कार्यक्रम सुरू झाल्यावर काय करता? 'पुढे सरकवते.' कोणत्या वस्तूची जाहिरात आवडते? तिथे पर्याय होते साबण, चहा, मोबाईल, कपडे. प्रणालीनं 'इतर' निवडून लिहिलं होतं, 'आमच्या ह्यांची.'

"ही थट्टा चाललीय का?" सर म्हणाले. "कार्यक्रम टाळून जाहिरात कोण बघतं? फेरतपासणी करा. तीन प्रश्न पुन्हा विचारा. एक जरी उत्तर जुळलं नाही तर मुलगी उद्यापासून बंद. आणि इतर एजन्सींनाही कळवू."

मी प्रणालीला बोलावलं. ती रडली नाही. हट्टानं म्हणाली, "ताई, मावशी बोलल्या तसंच लिहिलं. मलेही नाही समजलं. पन तुम्हीच म्हनल्या होत्या ना, आपली अक्कल नाही घालाची."

"अगं, मग नीट विचारायचं तरी!"

"विचारलं. त्या डोये पुसाले लागल्या. मंग नाही विचारलं."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला. खोटारडी असा शिक्का बसला असता, तर पोरगी घरी काय तोंड दाखवणार होती? भांडून आली होती बिचारी. फेरतपासणीला तिला सोबत न्यायची परवानगी नसते. ती ऑफिसच्या पायरीवर बसून राहिली, मी आणि गजूभाऊ निघालो.

गावात एकसारखी घरं आहेत. मावशींच्या घरापुढे जाळं वाळत घातलेलं. सून बाहेर आली, पाठोपाठ मावशी. बारीकशा, पदर डोक्यावर, हातात मोबाईल. मी ओळख दिली, त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि मी पहिला प्रश्न विचारला.

"मावशी, जाहिरात आली तर तुम्ही काय करता?"

"पाहतो जी. पूरी पाहतो."

जुळलं.

"आणि कार्यक्रम सुरू झाला की?"

"थे अंगठ्यानं सारतो. कार्यक्रम सरल तवाच तं दुसरी जाहिरात येईन ना!"

हेही जुळलं. गजूभाऊ टॅबवर बोट धरून उभे होते. तिसरं जुळलं की प्रणाली सुटली.

"मावशी, कोणत्या वस्तूची जाहिरात आवडते तुम्हाला?"

"वस्तूची नाही जी," मावशी म्हणाल्या. "आमच्या ह्यांची."

गजूभाऊंनी 'जुळले' दाबलं. काम झालं होतं. नियमाप्रमाणे आम्ही तिथून निघायचं असतं, पण मला निघवेना. मी सुनेकडे बघितलं.

सून म्हणाली, "मामाजी, म्हंजे माह्ये सासरे, मासोया मारत होते. धरणावर शूटिंगवाले आले होते, त्याहिले डोंगा पाहिजे होता. मामाजीनंच चालवला. समोर शहरातले बाई-मानूस बसले, अन् हे मागं वल्हं मारून राहिले. मंग गेल्या पावसायात मामाजी गेले."

मी भिंतीकडे बघितलं. फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा पुसट झालेला. मावशींनी माझी नजर ओळखली.

"थो फोटो काही कामाचा नाही," त्या म्हणाल्या. "त्यात हालत नाहीत."

"जाहिरातीत चेहरा दिसतो का?"

"हात दिसतेत. पाठ दिसते. एक बार मान वळवतेत." त्यांनी स्वतःची मान थोडी वळवून दाखवली. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. "बाई, तुमी मोबाईलच्याच ऑफिसातल्या ना? आता थे येऊन नाही राहिली. दिवसभर सारतो, दुसऱ्याच येतेत. त्याहिले सांगा ना, एखादी बार पाठवा म्हना."

म्हणून त्यांनी प्रणालीला घरात घेतलं होतं. म्हणूनच आम्हालाही.

मला एकदम सुचलं. जाहिराती बंद होतात, तरी कंपनीच्या पानावर त्या कुठेतरी असतातच. नाव कळलं तर मी तिथल्या तिथे शोधून देऊ शकत होते. मी सुनेला विचारलं, तिला आठवेना, तिनं एकदोनदाच बघितली होती. पण मावशींनी तर रोज बघितली होती, महिनोन्महिने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी माझा मोबाईल बाहेर काढला.

"मावशी, मी शोधते. फक्त एवढं सांगा, ती जाहिरात कशाची होती? काय विकत होते त्यात?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मला एवढं साधं कसं कळत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"विकाले काय आहे जी त्यात?" त्या म्हणाल्या. "डोंगा चालवून राहिले थे!"