खर्रा घोटेपर्यंत

धानाच्या बांधीतून पिकअप काढताना पुढचं चाक मातीच्या उंच धुऱ्यावर आदळून स्टिअरिंगचा टायरॉड वाकला, की मी साकोलीच्या एका मिस्त्रीकडे जातो. तो माझ्याशी फारसा बोलत नाही. खाली शिरून गाडीलाच विचारतो, "काहून वो बाई, कोठं दुखून राहिलं?"

काम झालं की ट्रायल. रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून तो पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा तळहातांत घोटतो. घोटून होईपर्यंत गाडी सरळ चालली, तर पास. मी दाराची मूठ धरून बसतो.

परवा गाडीने मध्येच जरासं डावीकडे ओढलं.

"एवढं चालते ना," मी म्हटलं.

"तुमाले चालते. तिले नाही चालत."

अर्धा घोटलेला खर्रा खिडकीबाहेर फेकून त्याने गाडी वळवली. आमच्याकडे खर्रा फेकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.