माझ्या वाट्याचे पाच किलो

लग्न होऊन मी कुहीजवळच्या गावातून नागपूरला, नंदनवन भागात आले. त्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून बाबा माझ्याकडे तांदूळ घेऊन यायला लागले. सकाळची बस पकडायचे, दहाच्या सुमारास दारात उभे राहायचे, खांद्यावरची थैली उतरवायचे आणि म्हणायचे, "तुह्या वाट्याचा कंट्रोलचा आहे. तुहं नाव आमच्याच कार्डावर आहे नं अजून."

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. कार्डावरच्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, त्यात थोडा तांदूळ, थोडा गहू. गहू आम्ही इकडे ठेवून घेतो आणि तुझे पाचही किलो तांदळात देतो, असं बाबांनी सांगितलं होतं.

माझ्या नवऱ्याला सासुरवाडीचं काही घेणं आवडत नसे. त्याचं घराणं विणकरांचं. सासऱ्यांच्या हयातीतच घरातले माग बंद पडले आणि तो महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायच्या कामाला लागला. लग्नात बाबांनी पुढे केलेली अंगठीही त्यानं हात जोडून परत दिली होती. पण या तांदळाबद्दल तो कधी काही बोलला नाही. "सरकारनं तुले देलेला आहे," तो म्हणायचा, "त्याले मी काहून नाही म्हणू?"

असं अकरा वर्षं चाललं. मला दोन मुली झाल्या, त्या त्याच भातावर वाढल्या. तांदूळ बारीक होता आणि शिजला की घरभर वास सुटायचा. एकदा शेजारणीनं आमच्याकडे जेवताना विचारलं, कुठला गं हा? मी सांगितलं, कुहीच्या कंट्रोलचा. ती दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या दुकानदाराशी जाऊन भांडली. कुहीले असा तांदूळ येते, मग आम्हालेच हा जाडा काहून? तो बिचारा शपथा घेत राहिला की सगळीकडे एकच माल येतो.

आमच्या घरचं कार्ड केसरी होतं, पण त्यावर धान्य मिळत नव्हतं. ते काढलं तेव्हा घरात तीन माग चालत होते आणि उत्पन्न मर्यादेच्या वर लिहिलं गेलं होतं. नंतर माग गेले, सासरे गेले, कार्ड मात्र तसंच राहिलं. आपण पात्र आहोत की नाही हे जाऊन विचारावं, असं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही. शेवटी त्या दुकानदारानंच मला एक दिवस थांबवलं. "ताई, तुम्ही बसता यात. एकदा ऑफिसात विचारून तं पाहा."

मी सासूबाईंना घेऊन रेशन ऑफिसात गेले. टेबलामागे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी आमचे कागद पाहिले, उत्पन्नाचा दाखला वाचला आणि एकेक विचारायला सुरुवात केली. घरात कोणी सरकारी नोकरीत? नाही. कोणी इन्कम टॅक्स भरतं? सासूबाईंना हसू आलं. चारचाकी?

मी नाही म्हणणार, तोच सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "होती बाई. माग बंद पडले तवा आमच्या ह्याहीनं भाजीचा ठेला लावला होता. चार चाकं होते त्याले."

बाईंचा पेन थांबला. मग त्या हसल्या आणि रांगेतले चारपाच जणही हसले. "आजी," त्या म्हणाल्या, "हातानं ढकलायची असली तर चालते." आणि त्यांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

मग मिळणार किती, हा प्रश्न आला. आमच्या शेजारणीला पस्तीस किलो मिळतं, तेवढंच आम्हालाही मिळेल, असं सासूबाई धरून चालल्या होत्या. बाईंनी समजावलं की ते अंत्योदय कार्ड. त्यात घरात माणसं किती का असेनात, घराला पस्तीस. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं होईल, त्यात माणसं मोजायची. मी झेरॉक्सच्या पाठीवर मांडून पाहिलं. सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुली. माणशी तीन किलो तांदूळ आणि दोन किलो गहू धरले तर पंधरा किलो तांदूळ, दहा किलो गहू. मी तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला आणि उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"पंचवीस किलो ठेवाचं कुठी वं?" त्या म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत त्या कोणता डबा रिकामा करायचा याचाच विचार करत होत्या.

एकच अडचण होती. माझं नाव माहेरच्या कार्डावर असल्यामुळे ते कमी केल्याचा दाखला हवा होता. बाईंनी विचारलं, "तुम्ही कुहीला केवायसीचा अंगठा द्यायला गेला होता का? त्याशिवाय कार्डावर नाव चालत नाही." मी म्हटलं, कधीच नाही, वडीलच आणून देतात. त्या माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहत राहिल्या. "बघा बाई एकदा चौकशी करून," एवढंच म्हणाल्या.

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, सध्या साहेब रजेवर आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाले, धान चुरून राहिलो, मळणीतून वेळ नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, तिथलं नेट बंद आहे. मला वाटलं, लेकीचं नाव घरच्या कार्डावरून काढायला त्यांचं मन होत नसावं. मला भरून आलं. त्यांना तो त्रास द्यायलाच नको, असं ठरवून एका मंगळवारी मी कुणाला न सांगता कुहीला गेले आणि बसमधून उतरून थेट तहसीलच्या पुरवठा शाखेत शिरले.

तिथल्या बाबूनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "या कार्डावर दोनच नावं आहेत. वडील आणि आई."

मी म्हटलं, माझंही असेल, नीट पाहा. त्यानं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. माझ्या लग्नानंतर महिन्याच्या आत माझं नाव कमी झालं होतं. पुढे बाबांची वाकडीतिकडी सही होती. दाखलाही तेच घेऊन गेले होते.

तिथून घरापर्यंतच्या वाटेत मला फार वाईट वाटलं. अंगावरची हळदही उतरली नसेल, तोवर नाव कापून मोकळे झाले. आणि मग तो तांदूळ कुठला, हा प्रश्न मला घराच्या फाटकाशी पोचल्यावर पडला.

बाबा अंगणात पोती शिवत बसले होते. मला पाहून सुई हातातच राहिली.

"बाबा, माझं नाव केव्हा कापलं?"

त्यांनी सुई पोत्यात खोचली. मग म्हणाले, "दुकानदार म्हणे, पोरगी सासरी गेली, नाव काढा. नाही काढलं असतं तं तुह्या नावावर आपण फुकटचं खाल्लं असतं. ते बरं नाही."

"मग तांदूळ?"

"तांदूळ..." ते सुईकडे पाहत म्हणाले.

आई आतून बाहेर आली. "सांगा नं सरळ. वावरातला होता वं. वासाचा चिन्नोर. मागच्या बांधीत तुह्यासाठीच लावते दरवर्षी. आम्ही दोघं कंट्रोलचा खाऊन राहिलो इथं."

"जावायानं घेतला असता का माह्या वावरातला?" बाबा म्हणाले. "अंगठी नाही घेतली त्यानं. सरकारचा म्हटला तं घेतला. आता मी का करू?"

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसले. मला आधी शेजारीण आठवली आणि हसू फुटलं. मी तिच्या भांडणाची गोष्ट सांगितली तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि बाबा, जे सहसा हसत नाहीत, तेही खांदे हलवत हसले. मग उठून त्यांनी पेटीतून घडी घातलेला दाखला आणून दिला. तो अकरा वर्षं त्यांनी माझ्या शाळेच्या निकालांबरोबर जपून ठेवला होता.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडेल अशी माझी अटकळ होती. तो जेवता जेवता थांबला, ताटातल्या भाताकडे पाहिलं आणि नुसता म्हणाला, "अकरा वर्षं?" मग म्हणाला, "अजून थोडा वाढ."

दोन महिन्यांनी आमचं कार्ड झालं. पहिल्या दिवशी सासूबाई नवं लुगडं नेसून दुकानात आल्या. मशीनवर त्यांचा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. पावती निघाली तेव्हा दुकानदारानं ती त्यांच्याच हातात दिली, आणि त्या वजनकाट्यापाशी उभ्या राहून प्रत्येक पोतं स्वतः पाहत होत्या. धाकटीनं विचारलं, यातले माझे कोणते? तर त्यांनी ओंजळभर गहू काढून तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घातले.

बाबा अजूनही येतात. आता त्यांना कुठलं कारण सांगावं लागत नाही, त्यामुळे थैलीत तांदळाबरोबर वांगी असतात, लाखोळीची डाळ असते.

आणि यंदा भाताच्या रोपांच्या रोवणीच्या दिवसांत नवऱ्यानं दुकानातून दोन दिवसांची रजा काढली. "मागच्या बांधीत मी येतो," तो बाबांना फोनवर म्हणाला. जन्मभर शहरात राहिलेला माणूस. पहिल्याच पावलाला गुडघाभर चिखलात रुतला, दुसऱ्याला बसलाच. रोवणीच्या बायांनी गाणं थांबवून त्याला हात दिला. दुपारपर्यंत त्यानं एक ओळ लावली, ती बांधाकडून निघून भलतीकडेच गेली होती.

बाबा बांधावर उभे राहून ती ओळ न्याहाळत होते. "जावाई," ते म्हणाले, "तुमच्या घराण्यात तं काठ सरळ विणतात म्हणे."

"त्याले मागाचा आधार राहते मामाजी," तो कपाळावरचा चिखल पुसत म्हणाला, आणि रोपांची पुढची पेंडी घ्यायला वाकला.