चौसष्ट मार्कांचा फर्स्ट क्लास

ऑक्टोबरात बीटच्या ट्रकमधून सांडलेले मातकट कंद रस्त्याकडेला दिसले, की मोरेश्वरचा पाय अजून आपोआप ब्रेककडे जातो. पुढच्या वळणावर ते हायस्कूल आहे. आता तिथे त्याची कोणी वाट पाहत नाही.

पुण्याच्या तंत्रनिकेतनात तो इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचा. मग बायकोला, दीपाला अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये नोकरी लागली आणि तो तिच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आला. काम करायची परवानगी नाही. वर्षानुवर्षं त्यानं पोळ्या लाटल्या, मुलीला, निधीला शाळेत सोडलं, आणि लाटताना नकळत अचूक वर्तुळं काढली. ग्रीन कार्ड आलं तेव्हा इथल्या कम्युनिटी कॉलेजनं त्याला या खेड्यातल्या हायस्कूलवर धाडलं. शेतकऱ्यांच्या पोरांनी शाळेतच कॉलेजचा विषय शिकायचा. चांगल्या ग्रेडनं पास झाली तर कॉलेजचं क्रेडिट फुकटात पदरात. त्याचं आडनाव जिभेवर वळेना, म्हणून पोरं त्याला 'मिस्टर सी' म्हणायची.

केल्सी पहाटे गाईंचं दूध काढून वर्गात यायची. हात खरबरीत, पण पेन्सिल धरली की रेघ केसासारखी. साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला शिकाऊ म्हणून जागा मिळणार होती. अट एकच, या विषयाचं क्रेडिट.

डिसेंबरात मोरेश्वरनं तपासलेली ड्रॉइंग्ज वाटली. "केल्सी, फर्स्ट क्लास!" तो म्हणाला. तिनं कोपऱ्यातला आकडा पाहिला, "थँक यू, मिस्टर सी," एवढं म्हणून कागद बाकावरच ठेवला आणि निघून गेली. कोटही विसरली. बाहेर बर्फ पडत होता.

"चौसष्ट दिले तिला," त्यानं संध्याकाळी जेवताना अभिमानानं सांगितलं. "आख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त."

निधीचा घास हातातच राहिला. "बाबा! सिक्स्टी-फोर इज अ डी!"

"डी म्हणजे?"

"म्हणजे ऑलमोस्ट फेल. क्रेडिट नाही मिळत."

"अरे देवा," दीपा म्हणाली, "पुण्याचा तराजू घेऊन बसलास की काय? इथे नव्वदच्या खाली आलं की पोरं रडतात."

"आमच्याकडे साठाच्या वर गेलं की पेढे वाटायचे!"

"मग वाट आता. सगळा वर्ग आडवा केलायस."

पुण्यात त्यानं प्राचार्यांच्या भाच्याचाही एक मार्क वाढवला नव्हता. त्या ताठ्यावर तो परदेशातली रिकामी वर्षं जगला होता. पण या पोरांच्या रेघा खऱ्याच चांगल्या होत्या. पट्टी तेवढी दुसऱ्या देशाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कॉलेजच्या डीनबाईंपुढे उभा राहिला. ग्रेड आधीच भरल्या होत्या. "बदलायच्या तर कारण लागेल," बाई म्हणाल्या. बेरीज चुकली म्हणता आलं असतं.

"शिक्षकाला इथली पद्धत ठाऊक नव्हती," तो म्हणाला. "आणि त्यानं विचारलीही नाही."

"मग पुढच्या टर्मला तुम्हाला ठेवायचं का, याचा विचार करावा लागेल."

"करा. पण आधी ग्रेड."

ग्रेड बदलल्या. केल्सीचा कोट आणि ड्रॉइंग घेऊन तो शाळेत गेला. तिच्यासमोरच चौसष्ट खोडून त्र्याण्णव लिहायला त्यानं पेन उघडलं, तशी तिनं कागदावर पंजा ठेवला.

"कॉम्प्युटरमध्ये बदललंत ना? बास. इथे नको."

"का गं?"

"फर्स्ट क्लास म्हणालात, तेव्हा वाटलं, माझी थट्टा करताय. पण तुमच्याकडे हा आकडा खरोखरच चांगला असतो ना?"

"फार चांगला," मोरेश्वर म्हणाला. त्यानं पेनाला टोपण लावलं.

डीनबाईंनी त्याला ठेवलं. पण पुढे डेट्रॉइटचे मोटारींचे कारखाने ओस पडू लागले, साच्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि यंदा कॉलेजनं तो वर्गच बंद केला. केल्सीचा कारखाना मात्र अजून तग धरून आहे.

परवा तो मुद्दाम तिच्या गोठ्याकडे वळला. ती कामावर गेली होती. दूध काढायच्या यंत्राच्या घरघरीत तिच्या बापानं भिंतीकडे बोट केलं. ओलीनं पिवळं पडलेलं ते ड्रॉइंग तिथे काचेखाली लावलं होतं. कोपऱ्यात लाल शाईतले चौसष्ट.

"लोक हसतात," म्हातारा म्हणाला. "चौसष्ट मार्क कसले भिंतीवर लावता, म्हणतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"फर्स्ट क्लास," म्हातारा म्हणाला, आणि वाकून पुढच्या गाईची कास पुसू लागला.