आधी सगळे दिवे पेटू द्या

मामा किल्ली अर्धीच फिरवून थांबायचे. स्टिअरिंगच्या मागे लाल-पिवळे दिवे पेटायचे आणि मामा प्रत्येक दिव्यावर बोटाचं नख टेकवत, ओठ हलवत मोजायचे. पाच भरले की मगच किल्ली पुढे. इंजिन खोकत सुरू झालं की दिवे विझताना पुन्हा मोजणी. मग आरशात माझ्याकडे बघून म्हणायचे, "आधी सगळे पेटले पायजेत, मंग सगळे इझले पायजेत. चला डाक्टरबाई."

पहिल्या दिवशी मला वाटलं, हे गाडीला नमस्कार करतायत. दुसऱ्या दिवशी वाटलं, वेळ काढतायत. तेव्हा जनावरांची डॉक्टर म्हणून माझी पहिलीच नोकरी होती आणि मला सगळ्याच गोष्टींची घाई होती. "मामा, विझायचेच आहेत तर पेटवून कशाला बघायचे?" मी विचारलं. तुम्हीही विचारलं असतंत.

मामांनी मान माझ्याकडे वळवली. "लाल दिवा दिसला तर मानूस थांबतं. पर बल्बच गेला आसंल तर? आतलं तेल संपलंय आन् समोर सगळं गुपचूप. मानूस बिनघोर गाडी हाकतंय. पेटलेला दिवा वाईट न्हाई बाई. न पेटणारा दिवा लई वाईट."

सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. गेवराईकडच्या माळांवर जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आमच्या दूधसंघाने कधीकाळी पाहुण्यांसाठी घेतलेली आणि नंतर धूळ खात पडलेली एक लांबडी गाडी बाहेर काढली. तिच्यात औषधांचं कपाट, लसींचा छोटा फ्रिज, स्टोव्ह, हात धुवायला बेसिन आणि झोपायला एक बाक बसवला आणि तिला फिरता दवाखाना म्हणायचं ठरवलं. दवाखाना म्हणजे मी आणि गाडी म्हणजे मामा. एका छावणीवर चार-पाच दिवस मुक्काम, मग पुढची. मी आत झोपायची, मामा बाहेर बाजेवर.

सगळे त्यांना मामाच म्हणत. धारूरच्या डोंगराखालच्या एका वस्तीवरचे. अर्धं आयुष्य ऊसतोड कामगारांना कारखान्यांवर पोचवणारे ट्रक चालवण्यात गेलेलं. एकटी पोरगी आपल्यासोबत महिनोन् महिने फिरणार, हे कळल्यावर पहिल्या आठवड्यात ते बायकोलाच घेऊन आले. "आमची बी येती आठ दिस. तुमाला परकं वाटू नये." मामी माझ्याजवळ खाली अंथरूण टाकून झोपायच्या आणि असं घोरायच्या की परकं वाटायला सवडच मिळाली नाही. नवव्या दिवशी जाताना त्यांनी माझा हात धरला. "मानूस चांगला हाय. फकस्त दिव्यांचं याड हाय. तेवढं सोसा."

ते वेड मला लवकरच कळलं. गाडीत दोन जुन्या ट्यूब होत्या. त्या आधी फडफडायच्या, मग भुणभुणायच्या आणि तासाभरात बॅटरी पिऊन टाकायच्या. मामा एकदा परळीला गेले आणि पिशवीभर एलईडी पट्ट्या घेऊन आले. दोन दिवस ते छताला डोकं लावून काम करत होते. कपाटाच्या प्रत्येक फळीखाली एक पट्टी, म्हणजे बाटलीवरचं नाव वाचायला डोळे ताणायला नकोत. दाराच्या पायरीला एक, म्हणजे पाय मुरगळायला नको. माझ्या उशाशी एक इवलासा दिवा, आणि त्याचं बटण असं, की पडल्या पडल्या हात पोचावा. "वाचता वाचता डोळा लागतो तुमचा. परत उठायचं कावून?"

मी वाचता वाचता झोपते, हे त्यांनी कधी पाहिलं असेल? दिवा रात्रभर चालू राहतो, हे बाजेवरून दिसत असणार. घरापासून लांब राहणाऱ्या पोरीला असं कुणी बघतंय हे कळलं की काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही.

छावणीतली माणसं ते दिवे बघायला यायची. मामा पाहुण्यांना घर दाखवावं तसे दाखवायचे. शेवटी त्यांना गाडीच्या पुढच्या बाजूला न्यायचे आणि समोरच्या दिव्यांची ओळख करून द्यायचे. "ह्यो तेलाचा. ह्यो सासरा. डोळं वटारलं की जागच्या जागी उतरायचं, हुज्जत न्हाई. ह्यो डिझेलचा, मेव्हना. सारखं कायतरी मागतंय, जरा थांब म्हनलं तर थांबतंय. आन् ही चार्जिंगची. ही सासरी दिलेली लेक. उगं कदी कळवत न्हाई. कळवलंच तर हातातलं काम टाकून निघायचं."

आता खरी गोष्ट सांगते.

आतले दिवे इतके झकास झाले की मामांचा हात थांबेना. उरलेले एलईडी बल्ब त्यांनी समोरच्या त्या पाच दिव्यांतही बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उमापूरच्या पुढच्या छावणीकडे निघालो. किल्ली अर्धी फिरली, पाचही दिवे पेटले. इंजिन सुरू झालं, दिवे विझले. पण पुरते नाहीत. दोन-तीन दिवे कडेने मिणमिणत राहिले. चार्जिंगचा जरा जास्तच.

आता मलाही मोजायची सवय लागली होती. मी म्हटलं, "मामा, तो विझला नाही."

"नवे हायत बाई. ह्ये एलईडी असंच मिनमिनत्यात. त्येचं काय न्हाई." आणि गाडी निघाली.

त्यांनी आपलाच नियम मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या ते लक्षातही आलं. पण बल्ब त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले होते, चेहरा खुशीत होता, आणि मी गप्प बसले.

दोन दिवस लसीकरणाची तयारी चालली. शेजारच्या छावणीत लाळ्या-खुरकूत शिरला होता. आमच्या छावणीतली जनावरं दावणीला दावण लावून उभी होती, चाऱ्यावाचून आधीच खंगलेली. एकाला झालं असतं तर चार दिवसांत सगळ्यांना. फ्रिजमधली लस हाच काय तो आडोसा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं गाई-बैलांना धरून रांगेत उभी राहिली. मी फ्रिज उघडला. आत दिवा नाही, आवाज नाही. पारा बावीसवर. लसीला आठच्या वर चालत नाही.

मी मामांना हाक मारली. मामांनी इंजिनाचा पट्टा बघितला, तारा बघितल्या, मग आपल्या जागेवर बसून किल्ली अर्धी फिरवली. बॅटरीत धुगधुगी होती तेवढीच. त्यांनी तळहाताचा आडोसा केला आणि त्या मिणमिणत्या लाल दिव्याकडे बघत बसले. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत चार्जिंगच्या बल्बमधून जाणारा करंटच बॅटरी भरणाऱ्या डायनामोला जागं करतो. साधा बल्ब तेवढा करंट जाऊ देतो, एलईडी देत नाही. बॅटरी भरायला आम्ही रोज इंजिन चालवत होतो, पण डायनामो दोन दिवस झोपून होता, आणि फ्रिज आणि दिवे बॅटरी रिकामी करत होते. मामांना हे परळीच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात छावणीचे व्यवस्थापक आत आले. वाईट माणूस नव्हता, पण रांग बघून घाबरला होता. दार लोटून घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, टोचून टाका. कुणाला कळतंय? मानसं सकाळपासून उभी हायत. परत लावलं तर बोंबाबोंब हुईल, वर तुमची नोकरी."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. बाटल्या दिसायला तशाच होत्या. फ्रिज रात्री उशिराच बंद पडला असेल, असं मी मनाशी म्हणूनही टाकलं. माझ्या हातात सिरिंज होती.

मामा पुढच्या जागेवरून उठून आले. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. त्यांनी माझ्या हाताला हात लावला तो तेवढाच.

"साहेब," ते व्यवस्थापकांना म्हणाले, "बल्ब गेलेला दिवा ठावं हाय का तुमाला? समोर लाल दिसत न्हाई, मंग मानूस बिनघोर. ही लस टोचली तर तसंच. मालक म्हननार, आपलं जनावर झाकलं. आन् ते उघडंच उभं."

मग ते पायरीवर जाऊन उभे राहिले. रांगेला सांगितलं, "आज लस न्हाई. लस खराब झाली, ती माज्यामुळं. चूक माजी हाय, डाक्टरबाईंची न्हाई. लेकीनं दोन दिस कळवलं हुतं, मी ऐकलं न्हाई."

लोक खूप बोलले. मामांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याच्या टँकरची बॅटरी मागून आणली. खिशातली तंबाखूची डबी उघडली. तिच्यात काढलेले जुने बल्ब कापसात गुंडाळून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी जागेवर बसवला. किल्ली अर्धी फिरवली तसा लाल दिवा ठसठशीत पेटला. इंजिन सुरू झालं आणि तो पुरता विझला. मामांनी मोजलं नाही. उपाशीपोटी ते बीडला गेले आणि चार वाजता बर्फात घातलेली लस मांडीवर घेतल्यासारखी घेऊन आले. अंधार पडायच्या आत आम्ही सगळी जनावरं टोचली. त्या छावणीत रोग आला नाही.

संघाने मामांचा खुलासा मागवला आणि महिनाभर त्यांना गाडीवरून काढलं. मी माझ्या अहवालात लिहिलं, की तो दिवा मीही पाहिला होता आणि गप्प बसले होते. हे कळल्यावर मामा माझ्यावर चिडले, एकदाच. "तुमी कावून लिवलं? तुमी तर बोलला हुता." पण परत आले ते पेढे घेऊन.

पुढच्या वर्षी पाऊस आला, छावण्या उठल्या, तरी आणखी चार वर्षं आम्ही त्या गाडीत गावोगाव फिरलो. मग संघ आटत आटत बंद पडला. मी सरकारी नोकरीत लागले. मामा वस्तीवर गेले. सणावाराला फोन करायचे आणि माझ्या नव्या गाडीची चौकशी करायचे, "समदे पेटत्यात न्हवं?"

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मला आठ दिवसांनी कळलं. भेटायला गेले तेव्हा मामींनी खुंटीवरची एक किल्ली काढून माझ्या हातात दिली. "संघाच्या गाडीची दुसरी किल्ली. द्यायची राहून गेली. परक्याची चीज घरात नगं. तेवढी पोचती करा."

संघाच्या आवारात आता एक पहारेकरी तेवढा आहे. गाडी मागच्या भिंतीला लागून उभी होती, टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ. किल्ली पहारेकऱ्याला द्यायच्या आधी मी दार उघडून मामांच्या जागेवर बसले. उशाशी हात पोचेल असं ते बटण मागे अजून होतं. मी किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. मग एकेका दिव्यावर नख टेकवत मोजायला लागले.

"मामा," मी म्हटलं, "एकही पेटला नाही."