तुळशीरामभाऊंची शेवटची धाव

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटायच्या आधी बाकीचे धुरकरी आरोळ्या ठोकत, शेपट्या पिरगाळत. तुळशीरामभाऊ मात्र छकड्यावरून खाली उतरत, डाव्या बैलासमोर उभे राहत आणि अदबीनं विचारत, "काय म्हंता वकीलसाहेब, जाचं का?"

बैलाचं नावच वकील. विचारल्याशिवाय मान हलवायची नाही, हा त्याचा बाणा. उजवा पवळ्या भोळा. वकील जाईल तिकडे तो. वकिलानं मान हलवली की भाऊ छकड्यावर चढत. नाही हलवली तर हजार माणसांदेखत जोडी सोडून घरी. मेडशीच्या पटात मी हे डोळ्यांनी पाहिलं. वकील ढिम्म. लोक ओरडले, "अबे तुळश्या, लगन बी बैलाले इचारून केलं काय?" भाऊ जू उतरवत म्हणाले, "ज्याले पयाचं हाय त्याले इचारा लागते. तुमी इचारत नाही, म्हणून तुमचे बैल मारल्यावर पयते."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. केनवडकडच्या एका खेड्यात मी नवाच शिक्षक होतो. वाशीमच्या कापडदुकानदाराचा मुलगा. आमच्या घराण्याचा बैलाशी संबंध पोळ्याला दारात आलेल्याच्या कपाळी कुंकू लावण्यापुरता. तरी गावच्या पटात वेळ मोजायला मलाच बसवलं, कारण शाळेचं स्टॉपवॉच माझ्या ताब्यात होतं. आधी निकाल नजरेनं लागत आणि डोकी काठीनं फुटत. "मास्तरचं घड्याळ कोनाचं सोयरं नाही," असं पटाचे अध्यक्ष म्हणाले आणि मी फुगलो. तीन दिवस ते गळ्यात घालून गावभर हिंडलो. भात किती सेकंदांत शिजतो तेसुद्धा मोजलं.

पटाच्या दिवशी सकाळी मैदानावर तुळशीरामभाऊंभोवती फास पडला. ती जोडी घरची होती. वांग्या-मिरच्यांच्या मळ्यात राबायची, मोट ओढायची, रिसोडच्या बाजाराला भाजी न्यायची. पटासाठी बैल वेगळे पोसावेत अशी ऐपत नव्हती आणि थोरल्या भावाला, दादांना, हा नाद नको होता. चार माणसांसमोर दादा म्हणाले, "आज एक नंबर आला त जलमभर पय, मी हू का चू करनार नाही. नाही आला त पुन्हा पटात पाय टाकाचा नाही. घे मायच्या गयाची आन." वकिलाच्या पाठीवर हात ठेवून भाऊंनी आईच्या गळ्याची आण घेतली. मी शेजारीच उभा होतो, गळ्यात घड्याळ घालून.

आमच्या पटात एकेक जोडी धावायची. तिकडे झेंडी पडली की बटण दाबायचं, जोडीनं माझ्यासमोरची रेघ ओलांडली की पुन्हा दाबायचं. माकडालाही जमलं असतं. दुपारपर्यंत मलाही जमलं.

मग भाऊंची पाळी आली. वकिलानं मान हलवली. झेंडी पडली, मी बटण दाबलं. पुढचं मला आजही नीट सांगता येत नाही. धुळीचा लोट मागे राहिला आणि जोडी त्याच्या पुढे निघून आली. छकड्याची चाकं जमिनीला लागत असतील असं वाटत नव्हतं. भाऊ ओणवे, हातात काठी नाही, ओठ तेवढे हलत होते. जोडी रेघेवरून सणकन गेली आणि मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. शिट्टीसुद्धा मारली. घड्याळ छातीवर लोंबकळत आपलं काम इमानानं करत होतं. मग आठवण झाली आणि बटण दाबलं.

"मास्तर, किती?" वहीवाल्यानं विचारलं.

चुकलो, एवढं म्हणायचं होतं. पण समोर हजार माणसं, निम्म्यांच्या हातात काठ्या, नोकरी कच्ची. मी घड्याळात होतं ते वाचून दाखवलं. एक अक्षर खोटं बोललो नाही. त्या एवढ्याशा खऱ्यात मी जन्माचा अडकलो.

भाऊंचा दुसरा नंबर आला. कुणीतरी ओरडलं, "घड्याळ बिघडलं काय, बावा?" अध्यक्ष म्हणाले, "घड्याळ हाय थे, पुढारी नाही खोटं बोलाले!" सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं. भाऊंचा छकडा तेवढा उभा होता, जूही उतरवलेलं नव्हतं. त्यांना पाहिलं आणि मी रस्ता सोडून नाल्यातून खोलीवर गेलो, गुडघ्यापर्यंत चिखलात.

पुढची चार वर्षं मी दर आठवड्याला कबुली द्यायला त्यांच्या मळ्यात जात होतो आणि भरताची वांगी घेऊन परतत होतो. इतकी वांगी खाल्ली की बायकोनं एकदा विचारलं, "त्या मळ्यात दुसरं काही पिकतच नाही का?" भाऊ मोटेवर असायचे. उतारावरून बैल धावत सुटायचे, दोर संपला की थांबायचे, मग उलट्या पावलांनी वर यायचे. पटाच्या दिवशी मैदानाचा गलका मळ्यापर्यंत यायचा. वकिलाचे कान उभे राहायचे, आणि त्याला तीच दहा-वीस पावलं. लोक सांगत, दुसऱ्या गावच्या पटात जा, कोण पाहते? भाऊ म्हणत, "आन घरी ठिवून बाहेर जाता येते काय? थे काय चप्पल हाय?"

बदलीचा हुकूम आला तेव्हा कुठे मला कंठ फुटला.

"भाऊ, त्या दिवशी मी घड्याळ उशिरा थांबवलं."

"मालूम हाय."

"कसं?"

"रेघ वलांडून वळून पाह्यलं. तुमी टाया वाजवून राह्यले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"हारलेल्यानं बोललं त थे रडगानं होते. बोलाचं तुमचं होतं, मास्तर. म्हणून त दिवस बुडेपर्यंत बैल जुपून उभा होतो. म्हनलं, मास्तर येईन." मोटेचा दोर हातात घेत ते म्हणाले, "तुमी नाल्यातून गेले."

"मी आजच दादांना..." म्हणालो आणि जीभ चावली. दादांना जाऊन वर्ष झालं होतं. मी स्वतः मयतीला होतो.

"आन घालनारा गेला. आता सोडवनार कोन?" भाजीचा भाव सांगावा तसं ते म्हणाले. मग बैल थांबवून माझ्याकडे पाहत राहिले. "एक सांगा. खरे किती झाले असन?"

माझ्या ओठांवर एक छानसा आकडा आला होता. सांगितला असता तर त्यांनी तो जन्मभर जपला असता. पण माझे आकडे त्यांनी एकदा ऐकून घेतलेच होते.

"नाही सांगता येत, भाऊ. कोणालाच नाही."

"बरं," ते म्हणाले. मोट भरली होती. त्यांनी बैलांना हाक दिली.

भाऊ गेल्याचं पत्र मला पुढे कितीतरी वर्षांनी आलं. मी गणित शिकवून निवृत्त झालो. कधी एकटा बसलो की ती धाव झेंडीपासून पुन्हा आठवतो आणि मनात सेकंद मोजू लागतो. एक, दोन, तीन... बरोबर चाललेलं असतं. जोडी रेघेजवळ येते, हात आपोआप एकमेकांकडे जातात, आणि मोजायचं राहून जातं.