पालथी चरवी

धार काढण्याआधी मामा चरवी पालथी करून दाखवायचे. "बघून घ्या की पावणं! थेंबभर पानी न्हाय."

कोल्हापुरात म्हैस चौकात आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मामा आमच्या शेजारचे. आपल्यावर कुणी संशय घेऊ नये म्हणून ही तपासणी, आणि बाकी जगावर त्यांचा काडीचा भरवसा नाही. पेंडीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. सुनेच्या माहेरचे लाडूसुद्धा फोडून बघत.

एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावरची गोष्ट. धार चरवीबाहेर पडायला लागली, नेहमी डावीकडे. "चरवी कुनी सरकवली?" मामा ओरडत. डावीकडून माणूस आला की दचकत. "चोरावानी का येतायसा?" सकाळी डोकं धरून बसत, ओकत. कुणीतरी करणी केलीय, अशी त्यांची खात्री. आम्ही गिऱ्हाइकं तरी काय कमी! "म्हातारा प्यायला लागला," असं ठरवून मोकळे झालो.

मामी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी सोबत होतो. डॉक्टरांनी बॅटरीने आत बराच वेळ पाहिलं. "डोळे चांगले आहेत. पण आतल्या नसा सुजल्यात. मेंदूत गाठ असावी, तिच्यामुळेच डावीकडचं दिसत नाही."

"मला दावल्याबिगर आत शिरलीच कशी?" मामा कडाडले.

मुंबईला तपासण्या झाल्या, गाठच निघाली. ऑपरेशन ठरलं. मामा सर्जनला म्हणाले, "माझ्या डोळ्यांम्होरं काढा."

"तुम्ही तर झोपलेले असणार."

"मग नगंच."

मामी पुढं झाल्या. "रोज म्हशीच्या लाथंजवळ बसतासा की. तिच्यावर इस्वास हाय न्हवं? तसंच निजा."

मामा निजले.

गाठ सगळी निघाली नाही. ती मेंदूत मुरली होती. आणखी कापलं असतं तर हातपाय गेले असते. उरलेल्या गाठीला किरणांचे शेक दिले. डोकेदुखी थांबली, मामा घरी आले. पुढं गाठ पुन्हा वाढली आणि ते गेले. पण मला आठवते ती परतल्यावरची पहिली सकाळ.

धार आता मामी काढणार होत्या. मामा शेजारी पोत्यावर बसले होते. मामींनी चरवी पालथी करून आधी त्यांच्यापुढेच धरली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मामांनी चरवीकडे पाहिलंही नाही. लहान मुलासारखे हसले.

"असू दे की. इस्वास हाय."

लाडू फोडून बघणारे मामा ते हेच का? मामी चरवी खाली घेईनात.

"बघा की वो," त्या म्हणाल्या. "एकदा तरी बघा."